भानामती, विक्का आणि आपण

हदगाव परिसरात धर्मसेवा करताना 'भानामती' हा शब्द आमच्या कानी वारंवार पडतो. घरावर दगड येऊ लागले, दांडीवरच्या कपड्यांनी पेट घेतला, सून भुंकल्यासारखा आवाज काढू लागली, की घरची मंडळी देवऋषीकडे धावतात आणि तो बहुधा शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवतो. याउलट, शहरात शिकणारी आपलीच मुले सुटीत येऊन विचारतात, "फादर, परदेशात विक्का नावाचा धर्मच आहे, मग चेटूक वाईट कसे?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

विक्का हा पंथ प्राचीन नव्हे. इंग्लंडमधील चेटूकविषयक जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून हा पंथ जगापुढे मांडला. देव-देवीची उपासना, ऋतूंचे उत्सव आणि मंत्रविधी असे त्याचे स्वरूप आहे. युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या स्त्रिया ख्रिस्तपूर्व धर्माच्या उपासक होत्या, या मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या सिद्धान्ताचा गार्डनर यांनी आधार घेतला. पुढे इतिहासकारांनी तो सिद्धान्त नाकारला. पंधराव्या ते अठराव्या शतकांत सुमारे 40 ते 50 हजार जीव गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्या बहुतेक बाप्तिस्मा झालेल्या, आपल्यासारख्याच ख्रिस्ती होत्या. विक्का माणूस स्वतः स्वीकारतो. 'चेटकीण' हे नाव मात्र दुसऱ्याच्या माथी मारले जाते. दोहोंतील खरा भेद हाच.

या पापात ख्रिस्ती समाजाचाही वाटा होता, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो. 1486 च्या सुमारास चेटकिणींच्या छळाचे समर्थन करणारा कुप्रसिद्ध ग्रंथ हाइनरिख क्रामर या डोमिनिकन धर्मगुरूनेच लिहिला. परंतु छळाने मिळवलेली कबुली हा पुरावा नव्हे, असे 1631 मध्ये निर्भयपणे लिहिणारे फ्रीडरिख श्पे हेही येशूसंघीय धर्मगुरूच होते.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटून 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात प्राण दिले. चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे असह्य करणे हा आता गुन्हा आहे. त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

जादूटोणा आपल्याला ख्रिस्तसभेने निषिद्ध ठरवला आहे. पण म्हणून शेजारणीवर संशय घेण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. भुंकणाऱ्या सुनेला डॉक्टरांकडे न्यावे, तिचे दुःख ऐकावे. आणि जिच्याकडे गावाने बोट दाखवले, तिच्या ओट्यावर जाऊन बसावे, तिच्या हातचा चहा घ्यावा. प्रभू येशू तिथे नक्कीच बसला असता.