लग्नाच्या वहीत नसलेली माणसं

दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळचं सेंट जेम्स चर्च तुम्ही पाहिलं असेल. १८३६ साली पूर्ण झालेलं. ते बांधणारा जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता. बाप स्कॉटिश, आई राजपूत. अशा घराण्यांचा माग कसा काढायचा, ते आज पाहू.

कागद मुख्यतः दोन. कंपनीचे पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवत. त्यांच्या नकला लंडनला जात. मुंबईच्या नोंदी १७०९पासून, बंगालच्या १७१३पासून आहेत. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दुसरा कागद मृत्युपत्राचा. १७२६च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या मेयर कोर्टांना प्रोबेटचा अधिकार मिळाला.

पण लग्नाच्या वहीत फक्त पाद्र्यासमोर लागलेलं लग्न येतं. बिबीबरोबर वीस वर्षं संसार केला, तरी तिथे एक ओळ नाही.

महादजींचे कंपू उभारणारा द बॉयन घ्या. १७९८ साली लंडनमध्ये त्याने एका फ्रेंच सरदाराच्या मुलीशी लग्न केलं. पण त्याच्या दोन मुलांची आई होती हिंदुस्थानातली बेगम. ती पुढे हेलन बेनेट म्हणून इंग्लंडमध्येच राहिली आणि १८५३ साली वारली. तिची कबर ससेक्समधल्या हॉर्शमला आहे. नुसती लग्नाची नोंद पाहिलीत, तर ती सापडणारच नाही.

त्याचा लखनौचा मित्र क्लॉड मार्टिन. हा अविवाहित. पण १८००च्या मृत्युपत्रात त्याने बुलोन नावाच्या बाईची हकिगत लिहून ठेवली: लहानपणी तिला पैसे देऊन घेतलं, वाढवलं. पुढची सोयही लावली. म्हणून मृत्युपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मी कंपनी कमांडर असताना एक जवान गेला. काही दिवसांनी एक बाई कडेवर मूल घेऊन आली. किंड्रेड रोलवर तिचं नाव नव्हतं. नियमाने मला तिच्यासाठी काहीच करता आलं नाही. नियम चुकीचा नव्हता. पण उद्या त्या मुलाची मुलं आजोबांना शोधत आली, तर आमच्या कागदांत त्यांना आजी भेटणार नाही. ती बाई मला अजून आठवते.

तेव्हा जुने कागद शोधताना आपलेही नीट लिहून ठेवा. जय हिंद.