किशोरवयीन नैराश्य आणि मेंदूतला रक्तप्रवाह : स्कॅनमधून काय कळतं, काय कळत नाही

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ टक्के रक्त आणि शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन हा एकटा अवयव घेतो. ज्या भागात काम जास्त, तिथं रक्तही जास्त जातं. त्यामुळं रक्तप्रवाह मोजून नैराश्याचा माग काढता येईल का, हा प्रश्न संशोधकांना बरीच वर्षं पडलेला आहे.

जुन्या पेट आणि स्पेक्ट या तपासण्यांत शिरेतून किरणोत्सारी द्रव्य द्यावं लागतं. नुसत्या संशोधनासाठी हे शाळकरी पोरांना कोण देणार? वाट मोकळी झाली ती १९९२ मध्ये अमेरिकेत पुढं आलेल्या एमआरआयच्या एका युक्तीनं. तिचं नाव आर्टिरियल स्पिन लेबलिंग, थोडक्यात एएसएल. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी चुंबकीय खूण करायची, दीड-दोन सेकंद थांबायचं आणि मेंदूची प्रतिमा घ्यायची. मग खूण न करता दुसरी प्रतिमा. दोन्हींची वजाबाकी केली की कुठं किती रक्त पोचलं ते कळतं. सुई नाही, किरणोत्सार नाही. मात्र हा फरक जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो. त्यामुळं अशा जोड्या काही मिनिटं पुन:पुन्हा घ्याव्या लागतात आणि मुलानं डोकं हलवलं की सगळं बिघडतं. आधी कडक कॉफी घेतली असेल तरी आकडा खाली येतो, कारण कॅफिननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याच पद्धतीनं नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या सुमारे पन्नास किशोरवयीन मुलामुलींची तुलना केली. नैराश्य असलेल्यांत निर्णय आणि भावना सांभाळणाऱ्या काही भागांत रक्तप्रवाह कमी दिसला. मेंदूच्या मध्यभागी, पुढच्या बाजूला खोलवर असलेल्या सबकॅलोसल सिंग्युलेट या भागात मात्र तो जास्त होता. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण औषधांना दाद न देणाऱ्या प्रौढ रुग्णांत याच भागात विद्युत तारा बसवून उपचार करण्याचा प्रयोग हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टोरांटोत प्रसिद्ध केला होता.

पण हे गटांच्या सरासरीतले फरक आहेत. दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका मुलाचा स्कॅन बघून त्याला नैराश्य आहे की नाही, हे सांगता येत नाही. त्यात वयाची भर. फिलाडेल्फियातल्या ९२२ मुलांच्या २०१४ मधल्या अभ्यासात दिसलं, की वयात येताना मेंदूतला रक्तप्रवाह घटत जातो, पण पुढं मुलींमध्ये तो पुन्हा वाढतो, मुलांमध्ये घटतच राहतो. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाचा आकडा सतरा वर्षांच्या मुलीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

इथंच घरोघरी घोटाळा होतो. एमआरआयचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की ‘पोराला काही झालेलं नाही, नाटकं करतंय’ असं ठरवून लोक मोकळे होतात. नैराश्यात साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. डॉक्टर तो सांगतात तो गाठ किंवा मेंदूचा दुसरा काही आजार नाही ना, हे बघण्यासाठी. रंगीत चित्रं दाखवून नैराश्याचं निदान करून देतो म्हणणाऱ्यांवर तर पैसे घालवूच नयेत.

निदान होतं ते बोलण्यातून. दोन आठवडे किंवा जास्त काळ मूल उदास असणं, आवडीच्या गोष्टी सोडून देणं, झोप आणि भूक बिघडणं, अभ्यासात लक्ष न लागणं ही लक्षणं डॉक्टर विचारतात. या वयात उदासीऐवजी नुसती चिडचिडच दिसू शकते, म्हणून घरच्यांना तो उर्मटपणा वाटतो. उपचारांत समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं असतात.

बेळगावकरांना धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था जवळची आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देशभर चोवीस तास मोफत चालतो. जगण्यात अर्थ नाही असं मूल बोललं, तर स्कॅनची तारीख मिळेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.