जपानी अक्षरांचा ओनामा

गेल्या दिवाळीत मी साताऱ्यास बहिणीकडे गेलो होतो. माडीवर माझी भाची चौकोनी घरांच्या वहीत काहीतरी गिरवीत बसली होती आणि गिरविता गिरविता म्हणत होती, "आ, इ, उ, ए, ओ; का, की, कु, के, को." डोळे मिटून ऐकणाऱ्यास वाटावे की आपण जुन्या पंतोजींच्या शाळेतच येऊन बसलो आहोत. वही मात्र जपानी अक्षरांची होती. १९८४ पासून जपानी भाषेची जी परीक्षा निरनिराळ्या देशांत घेतली जाते, तिची पहिली पायरी तिला चढावयाची आहे. वहीतून मान वर न करता तिने विचारले, "मामा, या लोकांनी अक्षरे आपल्यासारखीच कशी लावली?" मी म्हणालो, "योगायोग असेल." ते उत्तर चुकीचे होते. आजचे भाषण म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती समजावी.

मुळाक्षरांच्या आरंभास आपण 'ओनामा' म्हणतो. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचा तो झिजलेला अवशेष होय. धूळपाटीवर पहिले अक्षर काढण्यापूर्वी मुलाकडून हे वचन वदवून घेत असत. सातव्या शतकात हिंदुस्थानात येऊन राहिलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो की, येथील मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाचा पहिला पाठ हाती घेतात, त्यात एकूणपन्नास वर्ण असतात आणि सहा महिन्यांत तो पुरा होतो. बौद्ध मंत्रांबरोबर जी भारतीय लिपी चीनमध्ये गेली, तिलाही सिद्धम् हेच नाव पडले. पुढे ती जपानात पोहोचली. जपानी जिभेवर त्या नावाचे 'शित्तान' झाले. साताऱ्याच्या मुलाचा ओनामा आणि जपानी भिक्षूचे शित्तान ही एकाच वचनाची दोन टोके आहेत!

ही विद्या तेथे कोणी नेली? एकाच माणसाचे नाव सांगता येणार नाही. बोधिसेन नावाचा दक्षिण भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात उतरला. नारा येथील तोदाईजी मंदिरात ७५२ साली महाबुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, तेव्हा डोळ्यांची बाहुली रेखण्याचा मान त्याला मिळाला. त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. पुढे ८०४ साली कुकाई हा जपानी भिक्षू चीनला गेला, तेथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताजवळ संस्कृत शिकला आणि ८०६ साली सिद्धम् लिपीतील ग्रंथ घेऊन परतला. आपल्या देशात ही लिपी केव्हाच मावळली. जपानात मात्र मृतांच्या स्मरणार्थ उभारावयाच्या लाकडी पट्ट्यांवर तिची बीजाक्षरे आजही लिहितात. या सर्व विद्येचा इतिहास रॉबर्ट व्हान गुलिक या डच मुत्सद्द्याने लिहिला, आणि तो ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला तो आपल्या नागपुरात.

जे भिक्षू सिद्धम् घोकीत होते, त्यांनीच आपल्या भाषेचे ध्वनीही त्याच चौकटीत बसवून पाहिले. अकराव्या शतकातील म्योगाकु या भिक्षूचे नाव या कामी विशेष घेतले जाते. स्वर पाच, अ इ उ ए ओ. ओळी दहा : अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. आता आपली वर्णमाला मनात म्हणा. कंठातून निघून ओठांशी यावे आणि मग य, र, व घ्यावे, हाच तो क्रम. ट-वर्ग गळला, कारण ते ध्वनी जपानीत नाहीत. परंतु दोन ठिकाणी चिकित्सक श्रोता अडेल. च च्या जागी स कसा, आणि प च्या जागी ह कसा?

येथेच खरी गंमत आहे. हा क्रम लावला गेला तेव्हा जपानी स चा उच्चार आपल्या च सारखा होता असे भाषाशास्त्री मानतात. आणि तोही 'चार' मधला च नव्हे, बहुधा 'चाक' मधला. ह चेही तसेच. तो मुळात प होता. त्याचा फ-सारखा उच्चार झाला, आणि १६०३ साली नागासाकीत छापलेल्या पोर्तुगीज कोशात तो फ म्हणूनच नोंदला गेला. ह नंतर आला. मिरजेकडच्या मंडळींना याचे नवल वाटू नये. तमिळमधील 'पाल' म्हणजे दूध आणि त्यांच्या शेजारच्या कानडीतील 'हालु' हे एकच आहेत. प चा ह होण्याची वाट दोन्हीकडे सापडते. जपान्यांचा उच्चार बदलला, पण ओळ आपल्या जागेवरून हलली नाही. नव्या विद्यार्थ्याने पाठ केलेल्या त्या कोष्टकात हजार वर्षांपूर्वीचा उच्चार असा जपून राहिला आहे.

अक्षरांची रूपे मात्र भारतीय नाहीत, ती चिनी चित्राक्षरांतून निघाली. आकाशवाणीवर अक्षर दाखविता येत नाही, म्हणून वर्णनावर भागवितो. 'शी' म्हणजे गळाचा आकडा, 'कु' म्हणजे पाखराची उघडी चोच, 'हे' म्हणजे दुरून दिसणारी बुटकी टेकडी. ही झाली हिरागाना. चिनी अक्षरे भरभर, हात न उचलता लिहिता लिहिता ती नवव्या शतकाच्या सुमारास गोलावली. दुसरी काताकाना; ग्रंथ वाचताना भिक्षूंनी ओळींच्या कडेला टिपणे करण्यासाठी अक्षराचा एखादाच तुकडा उचलला, त्यातून ती झाली. प्रत्येकीत मूळ अक्षरे शेहेचाळीस, आणि एका ध्वनीला एकच रूप हा नियम शाळांसाठी १९०० साली ठरला.

मराठी मुलाची सोय येथे संपते. आपल्याकडे 'क' आला की काना, वेलांटी, उकार लावून बाराखडी होते. जपानीत 'का' आणि 'की' यांच्या रूपांत काही नाते नाही, सारी निराळी पाठ करावी लागतात. जोडाक्षरही नाही, ल ही नाही. 'सातारा' ठीक उतरते. सांगली मात्र 'सांगुरी' होते. सांगलीकरांनी रागावू नये. आणि या दोन लिपी म्हणजे नुसता उंबरठा. आत चिनी अक्षरांचा वाडा आहे. जपानी शासनाच्या २०१० च्या यादीत नित्य व्यवहाराची म्हणून २१३६ अक्षरे आहेत. तेथे आपली वर्णमाला काही कामाची नाही. रोज दहा गिरवावी आणि आठ विसरावी, असा भाचीचा हिशेब आहे.

हिरागाना कुकाईने रचली, अशी जपानात आख्यायिका आहे. मोडी हेमाडपंताने आणली, अशी आपल्याकडे. दोन्हींत तथ्य थोडे. लिपी एका रात्री एका माणसाच्या डोक्यातून निघत नाही, ती कारकुनांच्या, भिक्षूंच्या आणि स्त्रियांच्या घाईतून घडते. हिरागानाला तर 'स्त्रीहस्त' असेच नाव होते. मोडीही हात न उचलता लिहिण्याच्या गरजेतून वळली. फरक इतकाच की त्यांची वळणदार लिपी आज पहिलीच्या वर्गात शिकविली जाते, आणि आपली विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेतून गेली.

हे मला माडीवरच जाणवले. भाचीच्या वहीशेजारी फडताळात तिच्या पणजोबांचा एक रुमाल आहे, मोडी कागदांचा. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील असेच रुमाल सोडून, वाचून, १८९७ पासून भागामागून भाग छापले. साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनीही कागद जमविण्यात आयुष्य घालविले. त्यांनी वाचले म्हणून आपणांस पेशवाई ठाऊक. आमच्या घरचा रुमाल मात्र वाचणारे पणजोबाच शेवटचे. मी स्वतः इतिहासावर भाषणे देतो आणि आमच्याच वाड्याचा कागद मला लागत नाही, हे सांगावयास संकोच वाटतो.

योगायोगाची दुरुस्ती मी भाचीस पत्राने कळविली. तिने उलट टपाली माझे नाव जपानीत लिहून पाठविले आणि खाली विचारले की, फडताळातल्या अक्षरांचे कोष्टक कोठे मिळेल? मोडीचे एक जुने पुस्तक घेऊन मी मागच्या महिन्यात पुन्हा साताऱ्यास गेलो. रुमाल सोडला. पहिल्या कागदाच्या माथ्यावरचा 'श्री' दोघांनाही लागला. त्याखालच्या ओळीत तिला 'क' सापडला आणि मला 'रा'. बाकीची ओळ अजून लागलेली नाही.