पोकेमॉन गो : लढाऊ शक्ती आणि उत्क्रांती
नायँटिक कंपनीने २०१६ साली आणलेल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात आलेल्या या मोबाइल खेळात पोकेमॉन या काल्पनिक प्राण्याची ‘सीपी’, म्हणजे लढाऊ शक्ती, ही त्याच्या जातीचे मूळ गुण, त्याची पातळी आणि हल्ला, बचाव व तग यांसाठी ० ते १५ या मर्यादेत लाभलेले वैयक्तिक गुण यांवरून ठरते. उत्क्रांतीत पातळी व वैयक्तिक गुण सहसा कायम राहून जात तेवढी बदलते. म्हणूनच ४०० ‘कँडी’ (प्राणी पकडून मिळणारी खेळातील सामग्री) खर्चून कुचकामी मॅजिकार्पचा बलाढ्य ग्याराडोस होतो, मात्र वैयक्तिक गुण न पाहता केलेला एवढा खर्च शहाणपणाचा नव्हे. हवामानही परिणाम करते : हरियाणातील मानेसरच्या हिवाळ्यात खेळाने धुके नोंदवले, तर भूत व अंधार प्रकारचे रानटी प्राणी नेहमीपेक्षा वरच्या पातळीचे सापडू शकतात.