अंध दिदिमस आणि अंतरींची दृष्टि



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराच्या भिंती, वेदी व घंटा यांचें कौतुक होणें स्वाभाविक आहे. परंतु मंदिरांत जें सर्वांत थोर आहे, तें डोळ्यांस दिसत नाहीं. वेदीवर डोळ्यांस भाकर दिसते. श्रद्धेस प्रभु दिसतो. ही दृष्टि मनुष्यास शिकावी लागते. म्हणून प्राचीन ख्रिस्तसभेंतील एका अंध गुरूची हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों.

मिसर देशांतील अलेक्झांड्रिया नगरींत इ. स. ३१३ च्या सुमारास दिदिमस यांचा जन्म झाला. वयाच्या सुमारें चवथ्या वर्षीं, अक्षरओळख होण्यापूर्वींच, त्यांची दृष्टि गेली. पुढें त्यांनीं लाकडावर कोरलेलीं अक्षरें बोटांनीं चाचपून वर्णमाला आत्मसात केली, असें इतिहासकार सोझोमेन लिहितात. बाकीची विद्या श्रवणानें मिळविली. त्यांचे शिष्य रूफिनस सांगतात कीं, वाचून दाखविणारे थकून झोंपीं गेले म्हणजे दिदिमस जागे राहून ऐकलेलें मनांत घोळवीत. अशा परिश्रमानें ते पवित्र शास्त्रांत पारंगत झाले व संत अथानासियस यांच्या संमतीनें तेथील धर्मशिक्षणशाळेचे गुरु झाले. याच नगरींत शतकापूर्वीं ओरिजेन यांनीं शिकविलें होतें कीं, देहाप्रमाणें आत्म्यासहि पांच इंद्रियें आहेत, आणि तीं अभ्यासानें तीक्ष्ण होतात. दिदिमस त्याच परंपरेंतले.

एरियसच्या पाखंडाचें खंडन करण्यासाठीं अरण्यवासी संत आंतोनी (पादुआचे नव्हेत, मिसर देशाचे) अलेक्झांड्रियास आले असतां या दोघांची भेट झाली. शास्त्रचर्चा रंगली. आंतोनी यांस त्यांच्या बुद्धीचें नवल वाटलें. मग त्यांनीं विचारिलें, दृष्टि गेल्याचें आपणांस दुःख होतें काय? दिदिमस लाजून गप्प राहिले. दुसऱ्यांदा विचारिलें; तरी मौनच. तिसऱ्यांदा विचारतां त्यांनीं सरळ मनानें कबूल केलें कीं, होय, दुःख होतें. तेव्हां संतांनीं त्यांचें सांत्वन केलें कीं, माशी-मुंगीसहि जे डोळे असतात, ते नसल्याचा शोक ज्ञानी पुरुषानें करूं नये. संत व प्रेषित यांस लाभलेली दृष्टि आपणांस मिळाली, याचा आनंद मानावा. संत जेरोम यांनीं ही हकीकत एका अंध गृहस्थास धीर देण्यासाठीं पत्रांतून कळविली.

आम्हांस या कथेंत उत्तराइतकाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. संतांनीं तीनदां विचारिलें, आणि दुःख ओठांवर आल्यावरच सांत्वनाचा शब्द उच्चारिला. आम्ही धर्मगुरु मात्र रोग्याच्या उशाशीं बसून पुष्कळदां पहिल्या मौनासच समाधान समजतों, व उपदेश करून उठतों. ही आमची चूक होय. अंतरींची दृष्टि म्हणजे देहाच्या दुःखाचा नकार नव्हे. प्रभु येशूनें अंधांस दृष्टि दिली आणि लाजरसासाठीं अश्रूहि ढाळले.

इ. स. ३८६ सालीं जेरोम, केंस पिकूं लागले असतांहि, दिदिमस यांच्यापाशीं शिकण्यास गेले, व त्यांनीं त्यांस द्रष्टे असें संबोधिलें. पवित्र आत्म्यावरील दिदिमस यांचा ग्रंथ जेरोम यांच्याच लॅटिन भाषांतरामुळें टिकला. इ. स. ३९८ च्या सुमारास दिदिमस निवर्तले. पुढें सहाव्या शतकांत, ओरिजेनचीं कांहीं मतें स्वीकारल्याबद्दल त्यांवर दोष आला व त्यांचे बहुतेक ग्रंथ लुप्त झाले. द्रष्ट्यासहि ख्रिस्तसभेच्या श्रद्धेची कसोटी लागते, हें यावरून ध्यानीं धरावें. तथापि १९४१ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, कैरोनजीक तुरा येथील गुहेंत त्यांच्या शास्त्रविवरणांचे पपायरस सांपडले.

आपल्या धर्मग्रामांतहि दृष्टि मंदावलेले वृद्ध मिस्सेस येतात आणि घंटेच्या नादावरून उत्थापनाची वेळ ओळखून हात जोडतात. ज्युबिलीच्या दिवशीं त्यांच्याजवळ बसून, एकदां नव्हे, तीनदां त्यांचें सुखदुःख विचारावें. आणि मग त्यांस वेदीवर काय दिसतें, तें त्यांच्याकडून शिकावें. प्रभु आपणां सर्वांचे अंतरींचे डोळे उघडो, हीच प्रार्थना.