रिकाम्या स्टँडसमोरची हॅटट्रिक

लातूरहून बोलतोय. आजचा भाग इतिहासाचा आहे, पण घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. एकच आकडा लक्षात ठेवा: 2,569.

1 जून 2018, शुक्रवार. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, म्हणजेच मुंबई फुटबॉल अरेना. सात-आठ हजार माणसं बसतील एवढंच मैदान. भारत विरुद्ध चायनीज तैपेई. हा तैवानचाच संघ, फक्त फुटबॉलमध्ये या नावानं खेळतो. भारतानं मॅच 5-0 नं जिंकली. कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, शिवाय उदांता सिंग आणि प्रणय हल्दर यांचा एकेक गोल. आणि हे बघायला माणसं किती? 2,569. आपल्याकडं एखाद्या मोठ्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात!

स्पर्धेचं नाव होतं इंटरकॉन्टिनेंटल कप. वेगवेगळ्या खंडांतल्या देशांना एकमेकांशी खेळवायची कल्पना जुनीच. 1992 मध्ये सौदी अरेबियानं किंग फहद कप भरवला, तो अर्जेंटिनानं जिंकला. पुढं 1997 पासून फिफानं तीच स्पर्धा कॉन्फेडरेशन्स कप म्हणून चालवली, 2017 पर्यंत. आपली स्पर्धा त्या मानानं लहान. आशियातून भारत आणि चायनीज तैपेई, आफ्रिकेतून केनिया, ओशनियातून न्यूझीलंड. चारच संघ. उद्देश साधा: जानेवारी 2019 मध्ये युएईत आशियाई कप होता, त्याची तयारी.

तर त्या रिकाम्या स्टँडनंतर, 2 जूनला छेत्रीनं स्वतःचा एक व्हिडिओ टाकला. त्यात त्यानं अक्षरशः हात जोडले. म्हणणं काय होतं? तुम्ही युरोपातले क्लब बघता, आमचा खेळ त्या तोडीचा नाही हे कबूल. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. विराट कोहलीनं साथ दिली, सचिन तेंडुलकरनं दिली. व्हिडिओ देशभर फिरला.

फिरता फिरता आमच्या लातूरच्या ग्रुपवर पण आला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीत घरी आलेलो. मी काय केलं? तीन ग्रुपवर फॉरवर्ड केला, खाली हात जोडलेले इमोजी टाकले आणि फोन चार्जिंगला लावला. सोमवारची मॅच मी टीव्हीवरसुद्धा बघितली नाही. दोन आठवड्यांनी रशियातला वर्ल्ड कप सुरू झाला, तेव्हा मात्र मेस्सीसाठी रात्र-रात्र जागलो. आई म्हणायची, "अरे, परीक्षेला कधी एवढा जागला नाहीस!"

मुंबईकर मात्र गेले. 4 जून, केनियाविरुद्ध. छेत्रीची भारताकडून शंभरावी मॅच. शंभरी गाठणारा भायचुंग भूतियानंतरचा तो दुसराच भारतीय. तिकिटं संपली होती. त्यात जूनचा पाऊस असा कोसळला, की मैदानात तळं झालं आणि बॉल जागच्या जागी अडायला लागला. पहिल्या हाफमध्ये गोलच नाही. पण भिजलेली माणसं उठली नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये छेत्रीनं पेनल्टीवर खातं उघडलं, जेजेनं दुसरा मारला आणि शेवटी परत छेत्री. 3-0!

आता जरा गणित. हिशोब बघितल्याशिवाय आम्हा कोडिंगवाल्यांना झोप येत नाही. 7 जूनला भारतानं संघात बरेच बदल केले आणि न्यूझीलंडकडून 1-2 हरला. साखळीअखेर भारत, केनिया आणि न्यूझीलंड, तिघांचेही 6 गुण. मग गोलफरक बघितला. भारत अधिक 7, केनिया अधिक 2, न्यूझीलंड अधिक 1. न्यूझीलंड घरी. भारताच्या त्या 7 मधले 5 आले कुठून? 1 जूनच्या, कुणी न बघितलेल्या मॅचमधून. समोर प्रेक्षक नसतानाही ती पोरं पूर्ण जीव लावून खेळली होती, म्हणून पुढं हिशोब जड गेला नाही.

10 जूनच्या फायनलमध्ये केनियाला 2-0 हरवलं. दोन्ही गोल छेत्रीचे, अर्ध्या तासाच्या आतच. स्पर्धेत एकूण 8 गोल. देशासाठी 64 गोल, त्या दिवशी मेस्सीच्या बरोबरीनं!

मान्य, न्यूझीलंडचा संघ बहुतेक नवख्या पोरांचा होता. आणि कपानं नशीब पालटलं असंही नाही. आशियाई कपात आपण थायलंडला 4-1 हरवलं, पण पुढच्या दोन मॅच हरून साखळीतच बाहेर पडलो. ही स्पर्धा नंतर अहमदाबाद, भुवनेश्वर, हैदराबादला झाली. त्यातली 2023 ची भुवनेश्वरची आपण जिंकलो.

पण मला आठवतो तो 6 जून 2024. कोलकात्याचं सॉल्ट लेक, छेत्रीची निरोपाची मॅच, समोर कुवेत. 0-0. गोल नाही, विजय नाही, तरी स्टेडियममध्ये 58 हजारांहून जास्त माणसं. (पुढं 2025 मध्ये तो परत आला, ती गोष्ट वेगळी.) निरोपाला गर्दी करायला आपल्याला जमतं. रोजच्या मॅचला जायचं तेवढं राहून जातं.

आता तुम्ही म्हणाल, लातूरहून अंधेरी म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास, आम्ही कुठं जाणार? बरोबर आहे. पण परवा संध्याकाळी मी क्रीडा संकुलाकडं चक्कर मारली. एका कोपऱ्यात पोरं-पोरी फुटबॉल खेळत होती, गोलपोस्ट म्हणून दप्तरं ठेवलेली. प्रेक्षक शून्य. मी बाजूला उभा राहिलो. दहा मिनिटांनी एका पोरानं विचारलं, "दादा, तुम्ही कुणाला न्यायला आलाय का?"

म्हटलं, "नाही रे, मॅच बघायला आलोय."

त्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं. आणि खरं सांगतो, पुढचा गोल होईपर्यंत एकही जण जागेवर थांबला नाही.

हा भाग फॉरवर्ड करा, चालेल. पण त्याआधी तुमच्या गावात कुठं मॅच चालू आहे, ते जाऊन बघा. भेटू पुढच्या भागात!