लाकडी नांगर ते पलटी नांगर : मजबुतीची पारख

उदगीर परिसरातल्या काळ्या जमिनीत नांगराची खरी कसोटी लागते. ही माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी कठीण होते. जुना लाकडी नांगर बहुधा बाभळीचा असे. त्याची पारख गावचा सुतार करी. बदल्यात त्याला बलुतं मिळे. लाकूड उललं की नांगर गेला, इतका तो हिशेब सरळ होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांना भीती होती. ती ओसरली, तशी हराळी-कुंद्याने भरलेल्या जमिनीच्या खोल नांगरटीसाठी लोखंडी नांगराला मागणी आली. बिडाच्या भागावर हातोडी मारून खणखणीत आवाज येतो की बद्द, यावरून तडा ओळखता येई.

ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने पारख अवघड केली, कारण वापरलेल्या नांगरावरचा ताजा रंग पुष्कळ काही झाकतो. फाळाची झीज फारशी गंभीर नसते. फाळ बदलता येतो. सांगाडा मात्र दोरी धरून तपासावा लागतो. तो वाकला असेल तर तास सरळ पडत नाही आणि ट्रॅक्टरवरही ताण येतो. जोडणीच्या पिनांची भोकं लांबट झाली आहेत का, दांड्याच्या वळणावर वेल्डिंगचे थर आहेत का, हेही पाहावं लागतं. माती उलटवणारा पत्रा घासून चकचकीत झालेला असेल तर उत्तम. गंजून खड्डे पडलेल्या पत्र्याला काळी माती धरून बसते.